इंग्रजी शब्दांचा संधिविग्रह

या महिन्यात पत्रे नेहमीपेक्षा जास्त आली, आणि बहुतेकांचा सूर एकच: 'बाई, हा शब्द म्हणायचा कसा?' बडोद्यातल्या शाळेत एकतीस वर्षे मी रसायनशास्त्र शिकवले. पहिली काही वर्षे मराठी माध्यमात, नंतर इंग्रजीत. त्यामुळे कोणता शब्द कुठल्या वळणावर मुलांच्या तोंडात अडकतो, ते मला पाठ आहे. जागा आहे तेवढी उत्तरे देते.

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे, मांजलपूरला राहते. प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत सरांनी इंडिकेटरच्या, म्हणजे रंग बदलून आम्ल की अल्कली ते दाखवणाऱ्या द्रवाच्या, बाटलीवरचे नाव वाचायला सांगितले. मी 'फेनॉप... फेनॉप्थ...' करत अडकले. मागची मुले हसली. पुढचे सगळे येत होते, पण मी तोंडच उघडले नाही. तो शब्द कसा म्हणतात?

बाळ, जीभ अडखळली यात तुझी काही चूक नाही. आम्ही शिक्षक तो शब्द घाईघाईने एका दमात म्हणतो, बाटली दाखवतो आणि पुढे जातो. शब्दात थांबे कुठे आहेत ते सांगतच नाही. संस्कृतच्या तासाला 'सूर्यास्त' आला की सूर्य अधिक अस्त असा संधिविग्रह करून घेतात ना? तेच इथे करायचे.

तुझ्या बाटलीवरच्या नावात तीन तुकडे आहेत: फिनॉल, थॅल आणि ईन. घोळ होतो तो पहिल्या आणि दुसऱ्या तुकड्याच्या सांध्यावर, कारण तिथे पी, एच, टी, एच अशी चार अक्षरे एका रांगेत उभी आहेत. पी-एचचा फ, टी-एचचा थ. दोन्ही मिळून 'फ्थ'. एवढे डोळ्यांनी ओळखले की शब्द सुटला: फिनॉल्-फ्थॅलीन. जोर 'थॅ'वर. भरभर बोलताना मधला 'फ' गिळला जातो आणि 'फिनॉल्थॅलीन' ऐकू येते. इंग्रजी शब्दकोशांत दोन्ही उच्चार दिलेले आहेत, म्हणून दोन्ही बरोबर धर.

सराव मागून पुढे करायचा. वर्गात मी असाच करून घेत असे. आधी नुसते 'लीन'. मग 'थॅलीन'. मग 'फ्थॅलीन'. मग पूर्ण शब्द. पुढून सुरुवात केली की जीभ जसजशी पुढे जाते तसतशी अनोळखी जागेकडे जाते आणि घाबरते. मागून बांधत आणले की प्रत्येक वेळी ती ओळखीच्या जागी पोचते. दहा वेळा कर, उद्या झोपेतही म्हणशील.

आता अर्थ, कारण अर्थ कळला की उच्चार सुटत नाही. फिनॉल तुला माहीत आहे. 'थॅल' हा तुकडा नॅफ्थलीनमधून आला आहे. नॅफ्थलीनपासून एक आम्ल मिळाले. त्याच्या नावातला पुढचा 'नॅ' गळाला आणि उरला तो 'फ्थॅलिक'. म्हणजे तुझ्या आजीच्या पेटीत शालूच्या घडीत ज्या डांबराच्या गोळ्या असायच्या, त्यांचे अर्धे नाव तुझ्या इंडिकेटरच्या पोटात आहे. आणखी मागे गेलीस तर नॅफ्था. तो शब्द मुळात फारशीकडून ग्रीकमध्ये गेला, अर्थ खनिज तेल. आपल्या कोयलीच्या रिफायनरीत कच्च्या तेलातून नॅफ्था वेगळा काढतात. फिनॉल आणि फ्थॅलिक अनहायड्राइड एकत्र तापवून हा पदार्थ पहिल्यांदा तयार केला आडॉल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने, १८७१ साली. दोन पदार्थांची नावे जोडून तिसऱ्याचे नाव झाले, आपल्याकडचा द्वंद्व समासच म्हण ना.

पुढच्या वेळी अडलीस तर गप्प बसू नकोस. 'फिनॉल' म्हण, थांब, श्वास घे, उरलेले म्हण. आणि तरीही नाही आले, तर 'आम्लात रंगहीन, पीएच ८.२च्या आसपास गुलाबी व्हायला लागणारा इंडिकेटर' असे सांग. परीक्षकाला तू काय जाणतेस ते कळायला हवे, आणि ते या वाक्यातून कळते. हसणाऱ्या मुलांबद्दल मी इतकेच लिहीन की त्या वेळी त्यांना थांबवणे हे समोर बसलेल्या मोठ्या माणसाचे काम होते.

प्रश्न : वय ६८, दांडिया बाजार. गुडघ्याचा एमआरआय काढला. रिपोर्टवर 'मेडियल मेनिस्कस टेअर' असे लिहिले आहे. डॉक्टर घाईत होते. नातू 'टिअर' म्हणजे अश्रू असे वाचतो. माझ्या गुडघ्यात नक्की काय झाले आहे?

काका, नातवाचे स्पेलिंग बरोबर आहे आणि उच्चार या जागी चुकतो आहे. इंग्रजीत अश्रू आणि फाटणे या दोन्हींची अक्षरे तीच. अश्रू असेल तर 'टिअर', फाटणे असेल तर 'टेअर'. तुमच्या गुडघ्यात टेअर आहे, म्हणजे चीर.

कशाला चीर? मेनिस्कसला. म-निस्-कस असे म्हणायचे, जोर मधल्या 'निस्'वर. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांच्यामध्ये कूर्चेच्या दोन गाद्या असतात, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. 'मेडियल' म्हणजे आतली, दुसऱ्या गुडघ्याकडे तोंड असलेली. वरून पाहिले तर ही गादी अर्धगोल, कडेला जाड आणि मध्याकडे पातळ दिसते. चंद्रकोरीसारखी. आणि शब्दाचा अर्थ नेमका तोच आहे. ग्रीकमध्ये 'मेने' म्हणजे चंद्र, मेनिस्कस म्हणजे छोटा चंद्र. आपला 'मास' हा शब्द त्याच कुळातला, म्हणून महिना चंद्रावरून मोजतो.

मला हा शब्द फार आवडतो, कारण तीस वर्षे तो रोज माझ्या डोळ्यांसमोर होता. ब्युरेटमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या मापाच्या उभ्या काचनळीत, पाणी भरले की पृष्ठभाग सपाट राहत नाही. काचेला चिकटून कडा वर चढतात, मध्य खाली राहतो, आणि उजेडाकडे धरले की पाण्यावर उताणी पडलेली बारीक कोर दिसते. तिलाही मेनिस्कसच म्हणतात. वाचन घ्यायचे ते कोरीच्या तळाशी, डोळा अगदी त्याच पातळीवर आणून. उंच मुले वाकायला कंटाळत आणि वरूनच वाचत, मग उत्तर चुकायचे. मी ब्युरेटमागे पांढरा कागद धरून विचारायची, 'कपाळावरची कोर दिसली का?' मुली लगेच पाहायच्या.

उपचार काय करायचा ते तुमचे हाडांचे डॉक्टर ठरवतील. पुढच्या भेटीत चीर केवढी आहे आणि गादीच्या कोणत्या भागात आहे, हे दोन प्रश्न मात्र जरूर विचारा. डॉक्टरांचा बराचसा निर्णय त्यावर ठरतो.

प्रश्न : कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मुलाखतीत मी 'कॅचे मेमरी' म्हणाले, समोरचे हसू दाबत होते. बरोबर काय?

'कॅश'. पैशांच्या कॅशसारखेच. शब्द फ्रेंचकडून आला, लपवून ठेवणे या अर्थाच्या क्रियापदावरून, आणि फ्रेंचमध्ये सी-एचचा उच्चार श होतो. मशीन, शेफ हे शब्द तू याच नियमाने रोज बरोबर म्हणतेस. अर्थासाठी स्वयंपाकघराकडे बघ. तिखटाची बरणी माळ्यावर असते, पण रोज लागणारे चार चमचे मसाल्याच्या डब्यात, गॅसच्या शेजारी. तो डबा म्हणजे कॅश. प्रोसेसरला वारंवार लागणारी माहिती अशी हाताशी ठेवलेली असते, म्हणजे दर वेळी माळ्यावर चढावे लागत नाही.

प्रश्न : आईला मधुमेह आहे. घरात 'हायपो झाला', 'हायपर झाला' असे शब्द सतत ऐकू येतात आणि माझा गोंधळ होतो. लक्षात ठेवायची काही युक्ती? (एक गृहिणी, वाघोडिया रोड)

ताई, युक्ती आपल्या घरातच आहे. ग्रीक 'हायपो' आणि संस्कृत 'उप' हे एकाच मुळाचे. ग्रीक 'हायपर' आणि संस्कृत 'उपरि' हेही एकाच मुळाचे. उपनगर, उपप्राचार्य यांतला उप म्हणजे मुख्य गोष्टीच्या जवळचा, तिच्याहून खालचा. 'उपर्युक्त' यातला उपरि म्हणजे वर. तेव्हा हायपो म्हणजे खाली, हायपर म्हणजे वर. हायपोग्लायसेमिया फोडला तर हायपो, ग्लाय म्हणजे गोड, आणि शेवटचा एमिया म्हणजे रक्त. रक्तातले गोड खाली गेले. साधारण ७० मिलिग्रॅमच्या खाली साखर गेली की डॉक्टर हा शब्द वापरतात. हात थरथरणे, दरदरून घाम, धडधड ही लक्षणे दिसली आणि आई शुद्धीवर असेल, तर साखरपाणी किंवा ग्लुकोज लगेच द्यायचे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचे नाही, थेट दवाखाना. वेळेवर शब्द आठवला नाही तरी चालेल, हे दोन नियम आठवले पाहिजेत.

या शब्दांबद्दल मी इतक्या आग्रहाने का लिहिते, ते सांगते. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात माझ्या सासऱ्यांना जुलाब झाले आणि फार अशक्तपणा आला. रक्त तपासायला दिले. संध्याकाळी लॅबमधून फोन आला. बाहेर धो धो पाऊस, लाइनवर खरखर. पलीकडचा मुलगा म्हणाला, 'पोटॅशियमचा प्रॉब्लेम आहे, हायपोकॅलेमिया.' मी ऐकले 'हायपरकॅलेमिया'. दोन्हींत पुढे 'क' येतो, आणि त्या 'क'च्या आधी 'पो' आहे की 'पर' हे फोनवर कळत नाही. पोटॅशियम वाढले आहे असे धरून मी घरात सूचना दिली: नारळपाणी बंद, केळे बंद, मोसंबीचा रस बंद. दुसऱ्या दिवशी दुपारी कागद हातात आला. आकडा होता २.९. निरोगी माणसात तो ३.५ ते ५च्या दरम्यान असतो. ज्या माणसाला पोटॅशियमची गरज होती, त्याच्या तोंडचे नारळपाणी मी वीस तास काढून घेतले होते. डॉक्टरांनी औषध दिले, दोन दिवसांत ते उठून बसले, सगळे निभावले. पण सासरे त्या रात्री पाणी मागत होते आणि मी साधे पाणीच देत होते, ते मी अजून विसरलेले नाही.

त्या दिवसापासून मी फोनवर शब्दावर विश्वास ठेवत नाही. कमी की जास्त, ते मराठीत विचारते. मग आकडा विचारते, कागदावर लिहिते आणि त्यांना परत वाचून दाखवते. तुम्हीही तसेच करा. लॅबमधला मुलगा कितीही घाईत असला तरी.

त्या शब्दातला 'कॅल' कुठून आला तेही सांगून टाकते, कारण पोटॅशियममध्ये 'क' कुठेच नाही आणि मुलांना हे कोडे पडते. पोटॅशियमचे लॅटिन नाव कॅलियम, म्हणून त्याची रासायनिक खूण के. कॅलियमचे मूळ अरबी 'अल-कली', खारट जमिनीत वाढणाऱ्या झुडपांची राख. आपण अल्कली म्हणतो ते हेच. आणि पोटॅशियम हे इंग्रजी नाव 'पॉट' आणि 'ॲश' यांवरून: लाकडाची राख पाण्यात कालवून ते पाणी भांड्यात आटवले की तळाशी जो क्षार उरे, तो पोटॅश. हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०७ मध्ये त्याच्यातून वीज सोडून धातू वेगळा केला आणि भांड्यातल्या राखेचे नाव त्याला चिकटले. माझी आई राखेने पितळी भांडी घाशी. हात का चरचरतात, असे मी विचारले की म्हणायची, 'राखेत खार असतो.' रसायनशास्त्राचा माझा पहिला धडा तो.

प्रश्न : नववीतल्या मुलाला शिकवताना त्रिकोणमितीतला 'साइन थीटा' आला, त्याच आठवड्यात मला सायनसचा त्रास झाला. मुलगा म्हणाला, 'बाबा, दोन्ही एकच का?' मी हसण्यावारी नेले. पण खरेच संबंध आहे का? (कारेलीबाग)

आहे, आणि मुलाने विचारले ते फार छान विचारले. दोन्ही शब्द एकच आहेत. त्या प्रवासात एक चुकीचे वाचन दडलेले आहे, म्हणून सावकाश सांगते.

आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये आपल्या ग्रंथात अर्ध्या जीवांचे कोष्टक दिले. वर्तुळाचा कंस म्हणजे धनुष्य, आणि त्याची दोन टोके जोडणारी रेघ म्हणजे दोरी, ज्या. तिच्या अर्ध्या भागाला अर्धज्या म्हणत, आणि पुढे नुसतेच ज्या किंवा जीवा. हे गणित अरबी विद्वानांकडे गेले तेव्हा त्यांनी शब्दाचे भाषांतर केले नाही, 'जीबा' असा आवाजच उचलला. अरबी लिहिताना ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत. त्यामुळे कागदावर शब्द ज-ब एवढ्याच व्यंजनांवर उभा राहिला. नंतरच्या वाचकांना जीबा हा परका शब्द माहीत नव्हता. त्यांनी तीच अक्षरे 'जैब' अशी वाचली, कारण जैब हा त्यांच्या बोलण्यातला शब्द होता: कपड्याची छातीजवळची घडी, खोलगट जागा. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर झाले तेव्हा त्या घडीसाठी लॅटिन शब्द वापरला गेला, सायनस. म्हणजे वळण, खाडी, पोकळी. इंग्रजीत त्याचे झाले साइन. आणि तुमच्या नाकाच्या आजूबाजूला हाडांत ज्या पोकळ्या आहेत, त्यांना वैद्यकाने तोच लॅटिन शब्द दिला.

मुलाला आणखी एक सांगा. त्याच अरबी जैबपासून फारशीमार्गे हिंदीत 'जेब' आला. म्हणजे त्याच्या वहीतला साइन, तुमच्या नाकातला सायनस आणि हिंदी सिनेमातली जेब हे तिघे सख्खे भाऊ. आणि मूळ घर आपल्या धनुष्याच्या दोरीचे. जुन्या मराठी गणिताच्या पुस्तकांत ज्या, कोज्या असे शब्द सापडतात. 'को' हा कोटिज्याचा, तो इंग्रजी 'को'शी योगायोगाने जुळला आहे.

उच्चारात दोन गोष्टी सांभाळा. साइन म्हणताना शेवटी 'न'वर थांबायचे, 'साइना' होऊ द्यायचे नाही. आणि दुखण्याचे पूर्ण नाव सायन्युसायटिस किंवा सायनसायटिस. शेवटचा 'आयटिस' म्हणजे सूज, दाह. टॉन्सिलायटिस, आर्थ्रायटिस, सगळीकडे तोच. आपण 'सायनस झाला' म्हणतो, पण सायनस सगळ्यांना जन्मापासून असतो. होतो तो त्याचा दाह.

प्रश्न : हे सगळे ग्रीक-लॅटिन कशाला? प्राणवायू, नत्रवायू, कर्बवायू असे सुंदर मराठी शब्द असताना मुलांच्या माथी इंग्रजी का? (निवृत्त ग्रंथपाल, रावपुरा)

आपली कळकळ मला पटते, आणि ती बडोद्याला शोभणारी आहे. याच शहरात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढले. त्याचे पहिले प्रमुख रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांचा भर मातृभाषेतून तंत्रशिक्षण देण्यावर होता. पुढे १९३१ मध्ये राज्यकारभारातल्या शब्दांचा 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' निघाला. एका इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली शब्द, रांगेने. आपण ग्रंथपाल होतात, तो हाताळला असेलच. एका शब्दासाठी सात भाषांची दारे ठोठावणारे लोक होते ते.

प्राणवायूच्या बाबतीत तर मी आपल्याही पुढे जाऊन म्हणेन की मराठी शब्द मुळापेक्षा सरस आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए याने ऑक्सिजन हे नाव 'आम्ल निर्माण करणारा' या अर्थाने दिले. त्याची समजूत होती की प्रत्येक आम्लात तो असतोच. मिठापासून मिळणाऱ्या आम्लात तो नसतो, हे डेव्हीने १८१० मध्ये दाखवले. समजूत गेली, नाव राहिले. प्राणवायू म्हणणारा मराठी माणूस मात्र चुकीचे काही बोलत नाही. केशाकर्षण, म्हणजे बारीक नळीत पाणी आपोआप वर चढणे, हा तसाच दुसरा शब्द. इंग्रजी कॅपिलरीच्या पोटात केस हा अर्थ असलेला लॅटिन शब्द आहे, आणि आपल्या भाषांतरकाराने तो नेमका पकडला. असे शब्द वर्गात वापरलेच पाहिजेत. मी वापरले.

पण संयुगांची नावे मी मराठीत करत नाही. मराठी माध्यमात शिकवताना जुन्या पुस्तकातला 'कर्बद्विप्राणिद' मी फळ्यावर लिहीत असे. मुलांना अर्थ चटकन कळे, द्वि म्हणजे दोन प्राणवायू, संपले. तीच मुले पुढे अकरावीला इंग्रजीत गेली की पहिल्या दिवसापासून कार्बन डायऑक्साइड. सहा महिने ती दोन नावांची एकच वस्तू दोन वस्तू समजून शिकत. एक मुलगा मला रस्त्यात भेटून म्हणाला, 'बाई, तो वायू वेगळा आणि हा वेगळा ना?' त्यानंतर मी पद्धत बदलली. नाव तेच ठेवायचे जे त्याला पुढे जगभर लागेल, आणि त्याची फोड मराठीतून करून द्यायची: डाय म्हणजे द्वि. उच्चारातसुद्धा 'डाय' आणि 'द्वि' किती जवळ आहेत, ते मुलांना स्वतःलाच सापडते आणि फार आनंद होतो.

प्रश्न : मी सहावीत आहे. टेरोडॅक्टिल या डायनोसॉरच्या काळातल्या उडणाऱ्या प्राण्याच्या नावात पी लिहितात पण म्हणत नाहीत. मग हेलिकॉप्टरमध्ये का म्हणतात?

बाळा, तुझा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला, म्हणजे तुला पुढच्या रविवारी एक काम देता येईल.

हेलिकॉप्टरचे तुकडे बहुतेक जण 'हेली' आणि 'कॉप्टर' असे करतात. खरे तुकडे 'हेलिको' आणि 'प्टर'. हेलिको म्हणजे मळसूत्रासारखे फिरणारे, प्टर म्हणजे पंख. फिरत्या पंखांचे ते हेलिकॉप्टर. टेरोडॅक्टिलमध्येही तोच प्टर पुढे बसला आहे, आणि डॅक्टिल म्हणजे बोट. ज्याच्या बोटाला पंख तो. इंग्रज माणसाच्या तोंडात शब्दाच्या सुरुवातीला 'प्ट' बसत नाही, म्हणून तो पी सोडून देतो. मध्ये आला की पी मागच्या अक्षराला टेकतो, 'कॉप्' आणि 'टर', आणि सहज म्हणता येतो. तुलाही 'सप्त' म्हणता येते, पण 'प्त'ने सुरू होणारा शब्द सांग बरे. आपल्या संस्कृतातला 'पत्र' हाही प्टरचाच भाऊ. त्याचा जुना अर्थ पंख, पीस. मग पान झाला, मग तू मला पाठवलेस ते.

आता काम. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, तो बघायला बाबांना घेऊन जा. त्याचे शास्त्रीय नाव बॅलिनॉप्टेरा मस्क्युलस. हळू म्हण: बॅलि-नॉप्-टेरा. बॅलिना म्हणजे देवमासा, आणि पुढे तुझा प्टर. पाठीवर पंखासारखा पर असलेला देवमासा. पण सांगाड्यात पाठीवर तो पर शोधू नकोस, मिळायचा नाही, कारण त्यात हाडच नसते. बाजूच्या वल्ह्यांकडे बघ. त्यांत बोटांची हाडे असतात. ती मोज आणि किती भरली ते मला कळव.